गळा कुणाचा, नाव कुणाचं

२४ ऑक्टोबर २००६ या दिवशी अमेरिकेतल्या दुकानांत तीन नवे अल्बम एकदम आले. माय केमिकल रोमान्स या बँडचा ‘द ब्लॅक परेड’, जॉन लेजंडचा ‘वन्स अगेन’ आणि शाळकरी मुलांसाठीच्या एका टीव्ही मालिकेतल्या गाण्यांची सीडी. आठवडा संपला तेव्हा ‘बिलबोर्ड २००’च्या यादीत पहिला नंबर होता त्या सीडीचा. २ लाख ८१ हजार प्रती खपल्या होत्या. टीव्ही मालिकेचा साउंडट्रॅक आल्या आल्या थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसण्याची ती पहिलीच वेळ.

गायिकेचं नाव छापलं होतं हॅना मोंटाना. या नावाची गायिका पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हती.

हॅना हे डिस्ने चॅनलच्या मालिकेतलं पात्र. मालिका त्याच वर्षी २४ मार्चला सुरू झाली होती. दिवसा शाळेत जाणारी साधी मुलगी मायली स्टुअर्ट, रात्री सोनेरी केसांचा टोप घातला की जगप्रसिद्ध पॉपस्टार हॅना मोंटाना, आणि हे गुपित शाळेत जवळच्या मित्रमैत्रिणींखेरीज कुणाला माहीत नाही. भूमिका करत होती मायली सायरस. तिचे मालिकेतले वडीलही तिचे खरेच वडील, कंट्री गायक बिली रे सायरस. अल्बम आला तेव्हा मायली १३ वर्षांची होती. गाणी तिनेच म्हटली होती. कुणी उसना आवाज दिला नव्हता, ओठ हलवायचं नाटक नव्हतं. अल्बममध्ये एकूण १३ गाणी. त्यातली ८ हॅना मोंटानाच्या नावावर, ४ इतर कलाकारांची. उरलं एक, शेवटचं, वडिलांबरोबरचं युगुलगीत. त्या एका गाण्यावर मायली सायरस हे नाव आहे. म्हणजे ९ गाणी गाणाऱ्या मुलीला स्वतःचं नाव मिळालं एका गाण्यापुरतं.

आज मला याच नावाबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी नाक मुरडणाऱ्यांचा समाचार घ्यायला हवा, कारण त्यांच्या गोंगाटात हा मुद्दा कधी ऐकूच येत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलींना जे आवडतं ते टाकाऊ, हा जगभरातल्या जाणकारांचा जुना आजार आहे. मुलग्यांनी गिटारचा कर्कश आवाज लावून खोलीचं दार बंद केलं की ती बंडखोरी. मुलींनी आरशासमोर केसांचा ब्रश माइकसारखा धरून गाणं म्हटलं की तो पोरकटपणा. हे मला साफ नामंजूर आहे. ‘हॅना मोंटाना’चं शीर्षकगीत बारकाईने ऐका. ते लिहिलं मॅथ्यू जेरार्ड आणि रॉबी नेव्हिल या दोघांनी. यातला नेव्हिल १९८७ मध्ये स्वतःच्या आवाजातलं गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलेला गडी. दोघेही कसलेले कारागीर. शीर्षकगीताचं काम अवघड असतं. एका मिनिटाच्या आत मालिकेची अख्खी कल्पना सांगायची, आठ वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा ऐकताना ते म्हणता आलं पाहिजे, आणि तेच गाणं लांबवून अल्बमवर घेतलं तर पूर्ण गाणं म्हणूनही टिकलं पाहिजे. कडवं खालच्या पट्टीत, गप्पा मारल्यासारखं. ध्रुवपद एकदम उघडं, टाळी पडेल असं. गाण्याची घडणच दुहेरी आयुष्याची आहे. याला पोरकट म्हणणाऱ्याने असं एक गाणं करून दाखवावं.

आणि तो आवाज! तेराव्या वर्षीही मायलीचा आवाज गोडगोड नव्हता. थोडा खालचा, किंचित खरखरीत, बोलण्यात टेनेसीचा हेल. पॉपच्या चकचकीत वाद्यमेळातूनही तो वेगळा ओळखू येतो. २०२४ मध्ये ‘फ्लॉवर्स’ या गाण्यासाठी ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी घेतलं ते याच गळ्याने. गळा तोच, वय तेवढं वाढलं.

तेव्हा भांडण गाण्यांशी नाही. भांडण आहे ते नावाच्या मालकीशी.

पात्राचं नाव का छापतात? भाबडं उत्तर असं की मुलांना तीच ओळख असते, गंमत टिकते. मान्य. हॅनाची सीडी हवी म्हणून हट्ट करणाऱ्या मुलीला हॅनाचंच नाव दिसलं पाहिजे. पण दुसरं उत्तर जास्त खरं आहे. पात्र कंपनीच्या मालकीचं असतं. मुलगी मोठी होते, आजारी पडते, नाही म्हणायला शिकते. पात्र यातलं काहीच करत नाही. इथे वाहिनी डिस्नेची, मुलांचं रेडिओ स्टेशन डिस्नेचं, रेकॉर्ड कंपनी डिस्नेची. गाणं मालिकेत वाजायचं, रेडिओ डिस्नेवर वाजायचं, मग सीडी होऊन दुकानात यायचं. या सगळ्या साखळीत एकच कडी कंपनीच्या मालकीची नव्हती, ती म्हणजे गाणारी मुलगी. आणि नेमकं तिचंच नाव मागे ठेवलं गेलं.

पुढच्या वर्षी, २६ जून २००७ ला, दुसरा अल्बम आला. दोन तबकड्यांचा. एक हॅनाची, एक मायलीची. शीर्षकातच लिहिलं होतं की मायली सायरसला भेटा. जिच्या आवाजावर लाखो प्रती विकल्या गेल्या, तिची ओळख करून द्यायला कंपनीला आठ महिने लागले. त्या दुसऱ्या तबकडीवरच्या अनेक गाण्यांच्या लेखनात तिचा स्वतःचा वाटा आहे आणि तिथे नाव आहे डेस्टिनी होप सायरस. हे तिचं जन्माचं नाव; मायली हे तिने कायद्याने घेतलं २००८ मध्ये. हाही अल्बम पहिल्या क्रमांकावर, पहिल्या आठवड्यात ३ लाख २६ हजार प्रती. ज्यांना वाटत होतं की लोक टोप विकत घेतात, त्यांना हा आकडा पुरेसा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात दौरा निघाला तेव्हा तिकिटं काही मिनिटांत संपली आणि काळ्या बाजारात अनेक पटींनी विकली गेली. प्रकरण इतकं चिघळलं की मिसूरी राज्याच्या महाधिवक्त्याने पुनर्विक्री करणाऱ्यांना कोर्टात खेचलं. त्या दौऱ्यात मायली आधी हॅना म्हणून गायची आणि मग टोप उतरवून मायली म्हणून. प्रेक्षक घरी गेले नाहीत. थांबले.

याच डिस्नेचा २००६ मधला दुसरा पराक्रम म्हणजे ‘हायस्कूल म्युझिकल’. जानेवारीत टीव्हीवर आलेला चित्रपट, आणि त्याचा साउंडट्रॅक त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. पडद्यावरचा नायक झॅक एफ्रॉन. पहिल्या भागात गाताना ऐकू येतो तो बव्हंशी ड्रू सीली. पुढे एफ्रॉनने स्वतःच हे जाहीरपणे सांगितलं. देशभरचा गाण्यांचा दौरा निघाला तेव्हा एफ्रॉन दुसऱ्या चित्रपटात अडकलेला होता, आणि त्याच्या जागी उभा राहून गायला तो सीलीच. ज्या मुलींच्या भिंतींवर एफ्रॉनची पोस्टरं होती, त्यांच्या कानात गळा सीलीचा होता. त्यांना हे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आपल्याकडे तर नायकाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि कुणाचंही प्रेम कमी होत नाही.

हे सगळं नवीन नाही. चाळीस वर्षं मागे जाऊ या.

१९६५ मध्ये हॉलिवूडच्या व्यावसायिक वर्तमानपत्रांत जाहिरात आली: एका नव्या टीव्ही मालिकेसाठी चार मुलं हवीत. चारशेहून अधिक जण आले. अखेर निवडले गेले मिकी डोलेन्झ, डेव्ही जोन्स, मायकल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क. १२ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर ‘द मंकीज’ सुरू झाली. मालिका एका धडपड्या बँडची, आणि त्याच नावाचे अल्बम. पहिला अल्बम १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याला खाली उतरवलं त्यांच्याच दुसऱ्या अल्बमने, आणि तो १८ आठवडे तिथे बसला. गाणी लिहिणाऱ्यांत नील डायमंड, कॅरोल किंग असे बिनीचे लोक. वाद्यं बहुतेक वाजवलेली लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्कच्या कसलेल्या भाडोत्री वादकांनी. संगीताची सूत्रं होती डॉन कर्शनर या प्रकाशकाच्या हातात. तो गाणी निवडणार, तो वाजवून घेणार, चौघांनी आपली गाण्याची बाजू उरकून निघायचं.

नेस्मिथ आणि टॉर्क हे दोघं मुळात वाजवणारे होते. त्यांना ते झेपेना. त्यात दुसरा अल्बम चौघे दौऱ्यावर असताना त्यांना न विचारता बाजारात गेला. स्वतःच्या चेहऱ्यांचं कव्हर असलेला, स्वतःच्या आवाजातला अल्बम निघाला हे त्यांना निघाल्यावर कळलं! १९६७ च्या सुरुवातीला एका हॉटेलातल्या बैठकीत नेस्मिथने भिंतीत मूठ घातली. भिंतीला भोक पडलं. थोड्याच दिवसांत कर्शनर बाहेर आणि चौघे स्टुडिओत. मे १९६७ मध्ये आलेल्या ‘हेडक्वार्टर्स’ या अल्बमवर वाद्यं मुख्यतः त्यांनी स्वतःच वाजवली आहेत. काही ठिकाणी ताल डगमगतो, पण ऐकताना चार माणसं एका खोलीत आहेत हे कळतं. तोही पहिल्या क्रमांकावर गेला, एक आठवडा. पुढच्या आठवड्यात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला, मग कुणाचं काय चालणार!

कर्शनर यातून जे शिकला ते आजच्या प्रत्येक संगीत कंपनीला पाठ आहे. त्याचा पुढचा बँड होता ‘द आर्चीज’. कार्टून मालिकेतला. १९६९ मध्ये त्यांचं ‘शुगर, शुगर’ अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मुख्य आवाज रॉन डान्टे नावाच्या तरुण गायकाचा, पण तबकडीवर आर्ची आणि मंडळी. कार्टून भिंतीत मूठ घालत नाही. मानधन वाढवून मागत नाही. मला चाल बदलायची आहे असं म्हणत नाही. मंकीजमधली चार माणसं डोईजड झाली, तर चार चित्रं घ्या. हॅना मोंटाना ही या दोन्हींच्या मधली युक्ती आहे: चित्र कंपनीचं आणि आत जिवंत मुलगी. मंकीज निदान विशी गाठलेले होते, त्यांची मूठ भिंतीत जाऊ शकली. तेरा वर्षांच्या मुलीने कुठे मूठ मारायची?

मराठी वाचकाला हे सारं ओळखीचं वाटायला हवं, कारण याच अन्यायाची आपल्याकडची कहाणी लता मंगेशकरांची आहे. १९४९ चा ‘महल’. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, पडद्यावर मधुबाला. ‘आयेगा आनेवाला’ची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटातल्या मधुबालेच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर वाजलं आणि श्रोत्यांनी विचारणा सुरू केली की ही गाते कोण. रेडिओवाल्यांनी कंपनीकडून नाव मिळवलं आणि सांगितलं. देशाला लता मंगेशकर कळली ती अशी, श्रोत्यांनी नाव मागून घेतल्यामुळे. हॅना मोंटाना आणि कामिनी यांच्यात ५७ वर्षांचं आणि दोन महासागरांचं अंतर आहे. लबाडी तीच.

लताबाई ती विसरल्या नाहीत. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं तेव्हा समारंभात गाण्याची विनंती त्यांनी नाकारली. पुरस्कार संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही, तर मग गाण्याशिवायच वाजवा, असा सरळ मुद्दा. १९५९ पासून पार्श्वगायनाचा फिल्मफेअर सुरू झाला आणि पहिला ‘मधुमती’च्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. पुढे गायकांच्या रॉयल्टीसाठी त्या उभ्या राहिल्या आणि मोहम्मद रफींशी अबोला आला तरी मागे हटल्या नाहीत. त्यांचा हट्टीपणा म्हणून हे किस्से चवीने सांगितले जातात. मी याला हट्टीपणा म्हणणार नाही. दोन्ही वेळा त्या गाणाऱ्याचा हक्क मागत होत्या.

आणि याच लताबाईंनी टोपणनावही वापरलं. भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना संगीत देताना त्या ‘आनंदघन’ झाल्या. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे उघड झालं. पण ते नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं, समजून-उमजून, आणि हवं तेव्हा उतरवून ठेवायचा अधिकार त्यांच्याकडे होता. कामिनी हे नाव त्यांच्यावर चिकटवलं गेलं होतं. टोपणनावाला माझी ना नाही. ते घेण्याचा आणि टाकण्याचा हक्क गाणाऱ्याकडे असावा एवढंच.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे दहापट लागू. कॅलिफोर्नियात १९३९ पासून ‘कूगन कायदा’ आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो गोंडस पोरगा जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याला कळलं की आपली सगळी कमाई घरच्यांनी उडवली. त्यातून हा कायदा आला. आज त्यानुसार बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के वेगळे ठेवावे लागतात. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची आणि दिवसाला पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. चांगलं आहे. पण या नियमांची नजर पैशावर आणि तासांवर आहे. मुलाने गायलेल्या गाण्यावर मुलाचं नाव असलं पाहिजे, एवढं साधं कलम माझ्या नजरेला कुठेच पडलेलं नाही. झी मराठीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’मधली कार्तिकी, मुग्धा, आर्या, प्रथमेश, रोहित ही पाच मुलं घराघरांत स्वतःच्या नावाने ओळखली गेली, त्या नावांवरच पुढे उभी राहिली. त्याऐवजी एखाद्या पात्राचं नाव त्यांच्यावर डकवलं असतं तर?

आता कुणी म्हणेल, पात्राचं नाव काढलं तर मुलांची मजा जाईल. मी काढायला सांगतच नाही. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘केपॉप डीमन हंटर्स’ हा ॲनिमेशनपट आला. त्यातल्या तीन मुलींच्या काल्पनिक बँडचं नाव हंट्रिक्स. त्यांचं ‘गोल्डन’ ऑगस्टमध्ये बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्याच्या श्रेयात हंट्रिक्स आहेच, आणि त्याला लागून गाणाऱ्या तिघींची नावं आहेत: ईजे, ऑड्री नूना, रे आमी. यातली ईजे गाण्याची सहलेखिकाही आहे, आणि कोरियात तिची कित्येक वर्षं प्रशिक्षणार्थी म्हणून, पदार्पणाची वाट बघत गेली होती. मुलांची मजा गेली का? मुलं हंट्रिक्सची चित्रं काढतात आणि ईजेच्या मुलाखतीही बघतात. दोन्ही नावं त्यांच्या डोक्यात सुखाने नांदतात. मुलांना खरं आणि खोटं एकत्र सांभाळता येतं. ‘हॅना मोंटाना’ ही मालिका तर नेमकी त्यावरच बेतलेली होती.

आज स्ट्रीमिंगवर ती जुनी गाणी ऐकायला जा. कलाकार म्हणून दिसेल हॅना मोंटाना. सीडी होती तेव्हा निदान आतली पुस्तिका होती, बारीक अक्षरांत का होईना, लेखक, वादक, ध्वनिमुद्रक सापडायचे. आता तेही कुठल्याशा बटणाच्या मागे, आणि तिथपर्यंत किती जण जातात? ज्या पिढीने भारतातही डिस्ने चॅनलवर ही मालिका बघत शाळेचा अभ्यास बुडवला, ती आता कमावती आहे, स्वतःच्या पैशांनी गाणी ऐकते. १९४९ मध्ये श्रोत्यांनी विचारून विचारून नाव काढून घेतलं होतं. आता तर तक्रार करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

डिस्नेला हे करायला खर्च शून्य आहे. त्या ८ गाण्यांच्या पुढे, हॅना मोंटाना या नावाच्या शेजारी, स्वल्पविराम देऊन मायली सायरस लिहा. ‘हायस्कूल म्युझिकल’च्या ज्या ज्या ओळी ड्रू सीलीने गायल्या आहेत तिथे त्याचं नाव एफ्रॉनच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत येऊ द्या. जेरार्ड आणि नेव्हिल यांची नावं बटणामागून पुढे आणा. वर्धापनदिनाच्या नव्या आवृत्त्या तुम्ही काढणारच आहात, त्या विकल्याही जाणार आहेत. पहिली ओळ दुरुस्त करूनच काढा.